बिननावाची हाक

दहावीच्या पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी आमच्या वाळवा भागात घराघरातून एक काम निघतं. नंबर बघून यायचं. केंद्राच्या शाळेत जायचं, यादीत आपली खोली शोधायची आणि आपला बाक एकदा नजरेखालून घालायचा. पंखा डोक्यावर येतो का, खिडकीतलं ऊन तोंडावर येतं का, बाक डुगडुगतो का, एवढंच बघायचं असतं. पोरं हसत-खिदळत जातात आणि येताना भेळ खाऊन येतात.

अंजना चार वाजता स्कूटीवर लेकीला मागं बसवून निघाली ती याच कामाला. केंद्र गावापासून सहा किलोमीटर, इस्लामपूरच्या रस्त्याला. मार्च लागला होता. कारखान्याचा हंगाम अजून संपला नव्हता, त्यामुळं हवेत मळीचा आंबूस वास होता आणि जळक्या पाचटाची काजळी अंगावर पडत होती. गाडी चालवताना अंजनाला पाठीवर शिवांजलीचा तळवा लागत होता. कापडातून कळावा इतका ओला आणि गार.

"अगं, रुमालाला पूस की हात."

"पुसलाय गं आई. परत येतंय."

शिवांजली हुशार होती, हे आधीच सांगून टाकायला हवं. घरी ओट्यापाशी उभी राहून ती आईला अख्खी कविता म्हणून दाखवायची, भूमितीचं प्रमेय हवेत बोटानं काढायची. पण घंटा वाजली, समोर प्रश्नपत्रिका आली, की तिच्या हातांना घाम फुटायचा. साधासुधा नाही, टपटपणारा. पान ओलं व्हायचं, शाई फुटायची. म्हणून ती दोन रुमाल बाळगायची, एक हाताखाली, एक खिशात. पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपराला तिनं एक अक्षरही लिहिलं नाही. वर्गशिक्षिकेनं अंजनाला शाळेत बोलावून उत्तरपत्रिका समोर ठेवली. अख्खी कोरी. पहिल्या पानावर तेवढा घामानं फुगून वाळलेला एक पंजा होता. डाव्या हाताचा, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. सातव्या वर्षी सायकलवरून पडली तेव्हापासून ती करंगळी तशीच होती.

"सांगलीला एक समुपदेशक बाई आहेत," शिक्षिका म्हणाल्या. "पोरीला एकदा घेऊन जा. आजार नाही हो हा काही. नुसतं बोलतं करायचं असतं."

अंजनानं मान डोलावली आणि गेली मात्र नाही. चार लोकांत कळलं असतं, तर फौजीच्या पोरीला येड्याच्या डॉक्टरकडं नेली म्हणून गावभर झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्यालासुद्धा तिनं काही कळू दिलं नाही. नाथाजी हवालदार होता, बर्फात कुठंतरी चौकीवर, आठवड्यातून एकदा फोन लागायचा. पलीकडून तो मोठ्यानं हसून म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! फौजीची पोरगी घाबरत नसती, सांग तिला." आणि अंजना सांगायची. पोरगी ऐकायची, रुमालाची घडी बदलायची.

एकदाच ती बोलली होती. जेवता जेवता घास तसाच ठेवून म्हणाली, "आई, मला नापास व्हायचं भ्या न्हाई वाटत. तितं बसल्यावर मी कुटं जाती तेच मला कळत न्हाई. मला परत यायलाच येत न्हाई गं."

"खा गपगुमान," अंजना म्हणाली होती. रागानं नव्हे. तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

नंबर बघायला निघायच्या त्या दिवशी सकाळी मात्र अंजना भैरोबाच्या देवळात गेली होती. तात्याबा गुरवानं अंगाऱ्याची पुडी बांधून दिली. म्हणाला, "पोरगी बसणार त्या बाकाला लावायचा. आनि ध्येनात ठेव, पोरीचं नाव घिऊन लाव. आपल्या मानसाला नावानं हाक मारावी. बिननावाची हाक कुनीबी घेतंय."

*

सात नंबरची खोली कोपऱ्यात होती. यादीतला नंबर शोधेपर्यंत निम्मी पोरं परत फिरली होती. खोलीत पंचवीस बाक, एकेका बाकावर एकाच मुलाचा नंबर, पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून डिंकानं चिकटवलेला. खडूचा आणि फिनेलचा वास कोंडून राहिला होता. शिवांजलीचा बाक भिंतीकडच्या ओळीत शेवटून दुसरा. बाकीचे बाक एका घाटाचे, लोखंडी पायांचे. हा एकटा जुना, सगळा लाकडाचा, कुठूनतरी आणून बसवल्यासारखा.

"बस की," अंजना म्हणाली. "बसून बघ."

शिवांजलीनं बाकावर हात टेकला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"आई, ह्यो ओला हाय."

"तुझाच घाम असंल."

"न्हाई गं. मी हात लावायच्या आदीच ओला हाय."

अंजनानं पदरानं बाक पुसला. पदराला ओल लागली, पण आत्ताच फरशी पुसलीय, उडालं असेल पाणी, असं तिनं मनाशी धरलं. पोरीच्या ओठांवरचा रंग गेला होता. ती पळतच बाहेर गेली आणि नळाच्या कट्ट्याला धरून भडाभडा ओकली. मागं राहिलेली दोन पोरं बघत उभी राहिली. अंजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं लेकीचं तोंड धुतलं, तिला गेटाबाहेर स्कूटीपाशी बसवलं आणि कमरेची पुडी चाचपत एकटीच परत आली.

सूर्य उसाच्या फडाआड गेला होता. शाळेचा शिपाई आकाराम खोल्यांना कुलपं लावत सात नंबरपाशी पोचला होता.

"आकारामदादा, दोन मिंटं. पोरीचा रुमाल ऱ्हायला आत."

आकारामनं तिच्याकडं बघितलं, मग आतल्या त्या बाकाकडं. "जावा वैनी. पर बिगीनं आटपा," तो म्हणाला. "दिवं लागायच्या टायमाला त्या बाकापाशी थांबू नगा."

असं का म्हणतो, हे विचारायचं भान अंजनाला नव्हतं. ती बाकापाशी गेली. खोलीत उजेड उरला होता तो खिडकीच्या गजांपुरता. तिनं पुडी सोडली, चिमूट घेतली, नंबराच्या चिठ्ठीखाली लाकडाला अंगारा लावला. ओठांवर लेकीचं नाव आलं. तेवढ्यात दारात आकाराम खाकरला. तो ऐकत होता. उद्या हा चार जणांत सांगणार, हवालदाराच्या शिवांजलीसाठी तिची आई बाकाला अंगारा लावत होती म्हणून. अंजनानं नाव गिळलं.

"ये लेकरा," ती पुटपुटली. "ये, बस हितं. भिऊ नगंस. सगळं आठवंल तुला. तुजी भीती तेवढी हितंच ऱ्हाऊ दे… आनि तू घरी ये."

खोलीत काही हललं नाही. पण बाकाची बैठक करकरली, अगदी हलक्या अंगाचं कुणी बाजूनं सरकून बसावं तशी. मग नाक ओढल्याचा आवाज आला. लहानसा, दाबून ठेवलेला, बऱ्याच वेळच्या रडण्यानंतरचा.

"आकारामदादा… आत कोन हाय का?"

दार रिकामं होतं. आकाराम व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा होता. अंजनानं पुन्हा बाकाकडं बघितलं. अंगाऱ्याचा ठसा ओला होऊन लाकडावरून खाली ओघळत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेटापाशी ही गर्दी. शिवांजलीनं आईचा हात सोडला नाही. तिचा हात इतका ओला होता, की दोघींची बोटं निसटत होती.

"आई, तू हितंच थांबशील न्हवं?"

"हितंच हाय मी. दोन वाजंपर्यंत हलत न्हाई."

"मी परत आली न्हाई तर आत येशील?"

"काय अभद्र बोलतीस गं! जा, घंटा व्हईल."

ती गेली. सात नंबरच्या दारात तिनं एकदा मागं वळून बघितलं. ती नजर अंजनानं पुढं किती वेळा आठवली, याला गणती नाही.

दोन वाजता पोरं लोंढ्यानं बाहेर आली. शिवांजली सगळ्यांच्या शेवटी, सावकाश चालत. मान ताठ, चेहरा कोरडा. आईपाशी येऊन ती गोड हसली.

"चला आई. सोपा होता पेपर."

अंजनाचा जीव भांड्यात पडला. तिनं पोरीचा हात धरला. हात कोरडा ठणठणीत होता. उन्हात वाळत घातलेल्या फडक्यासारखा.

"लिवलंस?"

"दोन पुरवण्या घेतल्या."

आनंदानं अंजनाला रडू आलं. भैरोबा पावला म्हणून तिनं रस्त्यातच हात जोडले. घरी आल्यावर पोरगी पोटभर जेवली. जेवताना म्हणाली, "मीठ कुठं आहे?" आणि अंजनानं मिठाची बरणी पुढं केली. बरणी तिथंच असते, वीस वर्षं तिथंच आहे, हे तिला रात्री अंथरुणावर आठवलं. पेपराच्या धांदलीत विसरली असेल, असं म्हणून तिनं कूस बदलली.

पुढचे पेपर असेच गेले. पोरगी वेळेवर उठायची, शांतपणे आवरायची, गेटात शिरताना मागं वळून बघायची नाही. आईला थांब म्हणायची नाही. 'न्हाई'चं 'नाही' झालं होतं, 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. शाळेत शुद्ध बोलायला सांगितलं असेल, अंजना म्हणायची. माणसाला जे हवं असतं त्यासाठी कारणं हाताशीच सापडतात. नाथाजीचा फोन आला तेव्हा ती कितीतरी महिन्यांनी खोटं न बोलता म्हणाली, "लय धीट झाली तुमची पोरगी." पलीकडून तो खूश होऊन हसला. अंजनाही हसली. मग फोन ठेवून ती ओट्यापाशी उभी राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं, की पहिल्या पेपरापासून घरात कुणी एक कवितासुद्धा म्हटलेली नाही.

शेवटचा पेपर भूगोलाचा. पोरं एकमेकांच्या शर्टांवर पेनानं सह्या करत होती, गेटाबाहेर नुसता दंगा. पोरगी स्कूटीपाशी येऊन उभी राहिली. तेवढ्यात आकारामनं आतून अंजनाला हात केला.

"वैनी, जरा या."

"मी थांबते इथंच," पोरगी म्हणाली. "तुम्ही लवकर या. पुन्हा आत कशाला जायचं?"

व्हरांड्यात आकारामनं हातातला रुमाल पुढं केला. पांढरा, कडेला निळी वेल. अंजनानंच भरलेली.

"पैल्या पेपराच्या दिशी बाकाखाली घावला. वाळला की दिऊ म्हनलं." तो घुटमळला. "तीन आठवडं झालं, वैनी. उनात घालतोय. वाळंना."

रुमाल ओला होता. नुकताच भिजवल्यासारखा. अंजनानं तो हातात घेतला.

"दादा, त्या बाकाचं काय हाय?"

"माज्या हातनं चूक झाली." आकाराम खाली बघून बोलत होता. "दोन बाक मोडलं. पंचवीस भरंनात, म्हनून अडगळीतला त्यो काढला. हेडमास्तर सायबांनी वरीसभर आत ठिवलावता. गेल्या साली ओवी म्हनून पोरगी बसल्याली त्याच्यावर. कारखान्याच्या कॉलनीतली. वाईकडची मानसं, बदलून आल्याली. पैल्या पेपराला तीन तास बसली नि एक अक्शर लिवलं न्हाई. मी पानी दिऊन आलो तवा बगितलं, नुसती थरथरत हुती."

"मग?"

"मग काय. भाईर आली. आईला अवो-जावो करायची ती. गेटात मी उभा हुतो. म्हनली, 'चला आई. सोपा होता पेपर.'" त्यानं डोळे पुसले. "आईला पटलं. दुसऱ्या पेपराला आली न्हाई. पोरगी गेली, वैनी."

गेटाबाहेर पोरं हसत होती. अंजनाला ते हसणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं ऐकू आलं.

"रोज पेपराच्या आदी मी बाक पुसतो," आकाराम हलक्या आवाजात म्हणाला. "रोज परत उमटतंय. तुमची पोरगी त्याच्यावरच प्याड ठिऊन लिवती. तिला कायच वाटत न्हाई."

"काय उमटतंय?"

त्यानं सात नंबरचं दार उघडून दिलं.

भर दुपारचा दीड. खोलीत लख्ख उजेड होता. पंखा बंद करूनही पाती अजून फिरत होती. अंजना भिंतीकडच्या ओळीनं शेवटून दुसऱ्या बाकापाशी गेली. लाकडावर, नंबराच्या चिठ्ठीच्या बाजूला, ओलसर पंजा उमटला होता. डावा. चार बोटं सरळ आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

तिनं त्या ओल्या पंजावर आपला हात ठेवला. लाकूड गार होतं आणि आतून थरथरत होतं, तापात अंग थरथरतं तसं. कुणीतरी हळूच नाक ओढलं. मागच्या वेळचं ते नाक ओढणं नव्हतं. हे ती ओळखत होती. सोळा वर्षं ओळखत होती.

भीती हितंच ऱ्हाऊ दे, असं तीच म्हणाली होती. जी भ्यायली होती ती इथंच राहिली.

"बाळा…" ती कशीबशी म्हणाली, आणि थांबली. यावेळी तिला लाज वाटली नाही. आकाराम दारात उभा होता, व्हरांड्यात मास्तर होते, अख्ख्या गावानं ऐकलं तरी चाललं असतं. तिनं सगळा श्वास गोळा केला आणि हाक मारली.

"शिवांजली! ये गं माझी बाय! शिवांजली, चल घरी!"

क्षणभर बाकाची थरथर थांबली. अंजनाच्या तळव्याखाली काहीतरी उचलल्यासारखं झालं, कुणी उठायला निघावं तसं.

आणि गेटाकडून, लख्ख उन्हातून, स्वच्छ आवाजात उत्तर आलं.

"ओ! आले, आई!"

व्हरांड्यात सावकाश पावलं वाजायला लागली. अंजनाच्या हाताखालची बोटं एकेक करून मिटली. आधी अंगठा, मग बाकीची, आणि सगळ्यांत शेवटी ती वाकडी करंगळी. लाकडावर एक लहानशी ओली मूठ राहिली.

*

जूनमध्ये निकाल लागला. ब्याण्णव टक्के. नाथाजी सुट्टी काढून आला, त्यानं गावभर पेढे वाटले, चावडीपाशी फटाके लावले. पोरगी सगळ्यांच्या पाया पडली. आईच्याही पडली. पायाला लागलेली बोटं कोरडी होती.

अंजना आता रोज अकराच्या सुमाराला केंद्राच्या शाळेत जाते. तो बाक आकारामनं पुन्हा अडगळीच्या खोलीत ठेवलाय, आणि तो मुकाट्यानं तिला किल्ली देतो. दोन वाजेपर्यंत ती त्या बाकापाशी बसते. "हितंच हाय मी," असं दर थोड्या वेळानं म्हणते. नाव घेत नाही. नाव घेतलं की कोण ओ देईल, हे तिला माहीत आहे. गावात बोलणं सुरू झालंय, हवालदाराच्या बायकोचं डोकं फिरलंय म्हणून. ऐकून नाथाजी तिला सांगलीच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणतोय.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी ती परसात दोरीपाशी उभी होती. निळ्या वेलीचा रुमाल एप्रिल-मेच्या उन्हात दोन महिने तिथंच टांगलेला होता. तिनं तो हातात घेऊन पिळला. मातीत थेंब पडले. तिनं पुन्हा पिळला. पुन्हा पडले.

मागं पावलं वाजली. पोरगी उंबऱ्यात येऊन उभी होती. हातात पेढ्याची ताटली. तिनं रुमालाकडं बघितलं, मग आईकडं, आणि पहिल्या दिवशीसारखंच गोड हसली.

"टाकून द्या तो, आई," ती म्हणाली. "माझा नाही तो."